कृपया थांबा, शोध सुरू आहे

मी आजवर जेवढे प्रोग्राम लिहिले, त्यांतल्या एकाच गोष्टीचं लोकांनी मनापासून कौतुक केलं, आणि ती गोष्ट खोटी होती. नगरमधल्या एका वधू-वर सूचक केंद्राच्या सॉफ्टवेअरमध्ये, खिडकीच्या अगदी तळाशी जो अरुंद स्टेटस बार असतो ना, तिथे मी एक हिरवी पट्टी बसवली होती. शोध सुरू झाला की ती डावीकडून भरत जायची आणि शेजारी टक्के वाढत जायचे. बस, एवढंच. पण ती बघायला लोक खुर्च्या पुढे ओढून बसायचे.

मी अजून नगरच म्हणते, सवय आहे म्हणून. एस.टी.वरच्या पाट्या आता अहिल्यानगरच्या आहेत. कॉलेज मी इथेच केलं, मग काही वर्षं पुण्यात नोकरी केली, आणि लग्नानंतर नवऱ्याची एमआयडीसीतली नोकरी म्हणून परत इथेच आले. घरी बसून छोटीमोठी सॉफ्टवेअर करून द्यायचे. कुणाची लॅब, कुणाचा क्लास, कुणाचं गोडाऊन. केंद्राचं काम आलं ते असंच ओळखीतून. केंद्र चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. त्यांना सगळं गाव काकू म्हणायचं, मीही म्हणायचे. काकूंची अट एकच होती. मुलींचे फोटो इंटरनेटवर जाता कामा नयेत. म्हणून वेबसाइट नाही, ॲप नाही. केंद्रातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालणारा, जुन्या पद्धतीचा डेस्कटॉप प्रोग्राम. ज्याला स्थळं बघायची त्याने माळीवाड्याच्या स्टँडवर उतरायचं, पाच मिनिटं चालायचं आणि काकूंसमोर येऊन बसायचं.

पहिली पट्टी खरी होती, हे मला आधी सांगून टाकू दे. तेव्हा शोधाला खूप वेळ लागायचा. 'शोधा'चं बटण दाबलं की खिडकी थिजून जायची, आणि फॉर्म भरून घेणारी ऑपरेटर मुलगी वैतागून तेच बटण आठदहा वेळा दाबायची. मग सगळंच ठप्प. समोर बसलेले मुलाचे वडील म्हणायचे, "बंद पडलं वाटतं." काकूंचा फोन यायचा, मी स्कूटी काढून धावायचे. शेवटी मी एकदाची ती पट्टी बसवली. एकूण फॉर्म किती, त्यातले तपासून किती झाले, तेवढी पट्टी भरायची. चाळीस टक्के दिसले म्हणजे खरोखर चाळीस टक्के फॉर्म बघून झालेले असायचे. मला त्याचा अभिमान होता. आपल्या कामातला खरेपणा कुणाला कळत नसला तरी आपल्याला कळतो, असलं काहीबाही मी नवऱ्याला ऐकवलंही होतं.

मग काकूंनी नवीन कॉम्प्युटर घेतला आणि मी माझीच एक जुनी चूक शोधून काढली. एकेक फॉर्म जुळतोय की नाही हे बघायच्या आधीच माझा प्रोग्राम त्या मुलीचा मोठाच्या मोठा फोटो उघडत बसायचा. मूर्खपणा होता. तो काढला, आणि जे काम चार मिनिटांत व्हायचं ते डोळ्याची पापणी लवते न लवते तोच होऊ लागलं. पट्टीची गरजच संपली. मी ती काढून टाकली आणि पाठ थोपटून घ्यायला स्वतःच केंद्रात जाऊन बसले.

त्या दिवशी पुणतांब्याहून एक गृहस्थ आले होते. पांढरा शर्ट, हातात मुलाच्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. ऑपरेटरने माहिती भरली, बटण दाबलं, आणि त्याच क्षणी पडद्यावर आलं: जुळणारी स्थळे, शून्य.

"एवढ्यात झालं?" गृहस्थ म्हणाले.

"हो, आता लगेच होतं," मी म्हणाले. कौतुकाने म्हणाले.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बघितलं तरी का ओ तुम्ही नीट?"

त्यांनी तीनदा शोधायला लावलं. तीनदा शून्य आलं, तीनदा तितक्याच झटकन. मग त्यांनी जुनं रजिस्टर मागितलं. काकूंनी कपाटातून काढून दिलं, आणि ते दुपारपर्यंत बोट फिरवत पानं वाचत बसले. ते गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "अगं, ती पट्टी परत बसव बाई. माणूस पन्नास मैलांवरून येतो. त्याला अर्ध्या सेकंदात नाही म्हणायचं म्हणजे हाकलून दिल्यासारखं वाटतं. नाही ऐकायलासुद्धा जरा वेळ लागतो."

मला त्यांचं पटलं. आज वाटतं, नको पटायला हवं होतं. पण पटलं, आणि मी घरी येऊन खोटी पट्टी लिहायला बसले.

ती लिहिताना मला मजा आली, हे कबूल करते. उत्तर आधी काढून लपवून ठेवायचं आणि मग पावणेदोन मिनिटं नुसती पट्टी चालवायची. एकसारखी चालली तर संशय येईल, म्हणून ती कुठे रेंगाळायची, कुठे भरभर पळायची. शेजारच्या जागेत ओळी बदलायच्या: 'शिक्षण तपासत आहे', 'देवक तपासत आहे', 'पत्रिका जुळवत आहे', 'कृपया थांबा, शोध सुरू आहे'. देवक म्हणजे लग्नातलं कुळाचं चिन्ह. दोन्ही घरांचं सारखं निघालं तर आमच्याकडे सोयरीक होत नाही. त्यामुळे त्या ओळीला लोक श्वास रोखायचे. आणि त्र्याऐंशी टक्क्यांवर मी पट्टी पुरते सात सेकंद थांबवायचे. ती माझी खास करामत. तिथे आया डोळे मिटायच्या. महिन्याभरात काकूंच्या केंद्राची ख्याती झाली, की तिथलं मशीन फार कसून शोधतं.

आता त्या शून्याबद्दल. मुलींच्या फॉर्मवर 'अपेक्षा' म्हणून एक मोकळी जागा होती. ऑपरेटर एकदा म्हणाली, "मॅडम, शंभरात नव्वद जणी एकच वाक्य लिहितात. टाइप करून बोटं दुखतात माझी. टिक करायला चौकोन द्या ना." मी दिला. 'शेती करणारा चालणार नाही.' एवढा साधा चौकोन. त्यानंतर फॉर्मच्या त्या भागात बघायची गरजच उरली नाही, टिक असायचीच. कुणाच्या? तहसीलदारांच्या, प्राध्यापकांच्या मुलींच्या? छे. ज्यांच्या दारात गोठा, ज्यांच्या बापाच्या नखांत माती, त्यांच्याच. वरती पुन्हा दुसरी अट, मुलाच्या नावावर गावाकडे बागायत पाहिजे. म्हणजे जमीन हवी, पण ती कसायची दुसऱ्या कुणीतरी. माझं डोकं फिरायचं. मी त्या फॉर्मांवरच्या बापांच्या सह्या बघायचे आणि मनातल्या मनात एकेकाला सोलून काढायचे. माझा थोरला भाऊ शेती करतो, म्हणून.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. कर्जतच्या पुढे आमचं गाव, तिथे त्याने माळरानावर लिंबाची बाग उभी केली. बाग चांगली चालते. घर स्लॅबचं आहे, दारात टेम्पो आहे. दादा विडी-तंबाखूला शिवत नाही, गावात कुणाशी वाकडं नाही. त्याची चूक एकच झाली. आमच्याकडची रीत अशी, की पाठची बहीण असली तर आधी ती उजवायची, मग भावाचं बघायचं. मी शिकत होते, मग नोकरीत होते, मग 'इतक्यात नको' म्हणत होते. दादा मला लाडाने ताई म्हणतो. म्हणायचा, "ताईचं हू द्या, मंग बघू." माझं झालं तेव्हा त्याची तिशी गेली होती. आता पस्तिशीही गेली.

सुरुवातीला तो मुली बघायला जायचा. पोहे खाऊन यायचा. मध्यस्थांचा निरोप यायचा की मुलगा लाखात एक आहे, पण. त्या 'पण'च्या पुढचं कुणी बोलायचं नाही. नंतर कुणी बोलावेनासंच झालं. आईने लग्नांना जाणं सोडलं, कारण अक्षता पडल्या की बायका विचारायच्या, "तुमच्याकडं कधी?" तिच्या गुडघ्यांचं निमित्त झालं. आईची एकच इच्छा उरली होती: दादाचं नाव काकूंच्या केंद्रात घालायचं. "तुझं मशीन हाय म्हनं, लई शोधतं म्हनं. भावाचं तेवढं बघ की." गावापर्यंत कीर्ती पोचली होती.

मी वर्षभर टाळलं. तिथे मिळत नाही, तिथे शहरातलीच येतात, सध्या बंद आहे. आई एकदा फोनवर म्हणाली, "तुझं झालं ना? मंग बास." मी फोन ठेवून दिला आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. मी आईला काय सांगणार होते? दादाची माहिती मी केंद्रात एकटी असताना केव्हाच घालून बघितली होती. उत्तर केव्हाच आलं होतं.

एका रविवारी केंद्राच्या प्रिंटरचं काही बिघडलं म्हणून मी गेले होते. मान वर केली तर दारात दादा. दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा शर्ट, हातात काकूंसाठी लिंबांची पिशवी. मला न सांगता सकाळच्या गाडीने आला होता. मला बघून तो लाजला, आणि मीच त्याच्याहून जास्त शरमले. त्याचा नंबर तिसरा होता. तो भिंतीकडेच्या खुर्चीत बसला आणि पुढच्या दोघांचं बघू लागला.

पहिला एक इंजिनिअर, आईवडिलांसोबत आलेला. पट्टी भरली, सात स्थळं आली. दुसऱ्या बाई भाच्यासाठी आल्या होत्या, त्यांना तीन मिळाली. मग दादा पुढे सरकला. काकूंना तो माझा भाऊ हे ठाऊक होतं. त्यांनी स्वतः फॉर्म भरला, प्रेमाने भरला. व्यवसाय विचारल्यावर दादा म्हणाला, "शेती." काकूंचं बोट कीबोर्डवर क्षणभर थांबलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रिंटरमध्ये डोकं घातलं.

हिरवी पट्टी निघाली. शिक्षण, देवक, पत्रिका. त्र्याऐंशीवर थांबली. सात सेकंद मी मोजले. मला वाटलं होतं दादा बाकीच्यांसारखा पडद्याला डोळे लावून बसेल. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

शून्य आलं. काकू म्हणाल्या, "फॉर्म राहू दे हं. नवीन येत असतात." दादाने मान हलवली, नमस्कार केला. दीड वाजता काकू आणि ऑपरेटर जेवायला गेल्या, प्रिंटरचं काम बाकी म्हणून किल्ली माझ्याकडे राहिली. दादा गेला नव्हता. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला.

"येक इचारू?" तो म्हणाला. "त्या इंजिनेराला सात गावल्या, पावनेदोन मिनटं लागली. त्या मावशीला तीन, पावनेदोन मिनटं. मला येक न्हाई, तरी पावनेदोनच. मी घड्याळ लावून बघितलं. आमच्याकडं ड्रिपचं पानी सोडलं, तर पैल्या झाडाला येक येळ लागतो, शेवटच्याला दुसरा. तुझ्या पट्टीला सगळी झाडं सारखीच कशी?"

इतक्या वर्षांत शेकडो माणसं त्या पट्टीसमोर बसली. त्यांत शिकलेली होती, साहेब होते. कुणाला हा प्रश्न पडला नव्हता.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. उत्तर आधीच येतं, पट्टी नुसती चालते.

"म्हंजी मी तितं बसल्या बसल्या तुला म्हाईत हुतं."

"दादा, मला वर्षापासून माहीत होतं."

मग मी त्याला तो चौकोन दाखवला. म्हटलं, हा बघ, एवढ्या एका टिकमुळे अडतं. मी पट्टी बंद केली, शोधातून ती अट काढली आणि बटण दाबलं. एकोणतीस मुली. वय जुळतंय, देवक जुळतंय, सगळं जुळतंय. नावांची यादी पडद्यावर खाली खाली जात राहिली. मी पहिल्या नावावर फोटो उघडायला गेले, तर त्याने माझा हात धरला.

"नगं. त्यांनी नको म्हनलंय न्हवं? मंग फोटू कशाला बघायचा."

माझा तोल गेला तो तिथे. वर्षभर साचलेलं सगळं बाहेर पडलं. मी त्या एकोणतीस जणींच्या बापांना, भावांना, चुलत्यांना वाटेल ते बोलले. म्हटलं, हे लोक स्वतः शेतावर जगतात, शेताच्या पैशावर पोरी शिकवतात आणि शेतकऱ्याला दारात उभा करत नाहीत. ह्यांना लाज कशी वाटत नाही. दादा ऐकत होता. माझं बोलून झाल्यावर म्हणाला, "तुजा फॉर्म हाय का ह्याच्यात?"

माझं नाव इथे घातलं होतं हे मी विसरूनच गेले होते. ते काकूंच्या फायलींच्या काळातलं. लग्न दुसरीकडूनच जमलं, त्यामुळे तो कागद मी कधी बघितलाही नव्हता. पुढे जुने फॉर्म ऑपरेटरने स्कॅन करून भरले, त्यात तो गेला असणार. 'विवाह निश्चित' अशा यादीत मी स्वतःला शोधलं. पिवळा पडलेला कागद पडद्यावर उघडला. कोपऱ्यात माझा जुना फोटो, दोन वेण्या. खाली अपेक्षा: मुलगा नोकरीचाच पाहिजे. शेती करणारा नको. 'नको'खाली दोन रेघा.

सही आप्पांची होती, आमच्या वडिलांची. पण आप्पांना सहीपलीकडे लिहिता येत नाही.

"म्याच भरल्ता," दादा म्हणाला. "आप्पा म्हनले, तुला काय वाटतंय ते लिव्ह."

"मी कधी म्हटलं होतं असं?"

"तुला कोन इचारतंय." तो हसला. "पाटं तीनला लाइट आली का मोटर चालू कराया मी जातो. तवा मला वाटायचं, आपल्या ताईच्या घरातलं कुनी ह्या येळंला उठाया नको. म्हनून लिव्हलं. आजबी इचारलं तर तेच लिव्हंन."

मला त्याचा राग आला. दया नाही, प्रेम नाही, आधी रागच. इतका वेळ मी ज्यांना शिव्या घातल्या त्या सगळ्यांत हा माझा भाऊ पहिल्या रांगेत बसलेला होता, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मग कळलं की त्याला वाटत होतं. त्याचा कुणावर राग नव्हता इतकंच. त्या एकोणतीस जणींच्या भावांना तो मनातून ओळखत होता. ज्या हाताने त्याने माझी सुटका लिहिली, त्याच हाताने लिहिलेलं उत्तर त्याला आज मिळालं होतं. आणि मी? मी त्या दोन रेघांचा चौकोन करून सगळ्या जिल्ह्याला वाटला होता, वर त्यांच्या तोंडासमोर हिरवी पट्टी फिरवली होती. मी असलं काहीतरी बोलले असेन. तो म्हणाला, "आता रडू नगं. पुन्ना लाव."

"काय?"

"पट्टी. आई सकाळपासनं वाट बघतीया. नुसतं न्हाई म्हनून सांगितलं तर म्हनंल, बघितलंच न्हाई नीट."

मी नको म्हणाले. म्हटलं, निदान आईला तरी हे नको. तो म्हणाला, "मंग तू सांग तिला. त्यो फॉर्म म्या भरल्ता हे बी सांग." मी काढलेली अट शोधात परत घातली, पट्टीही परत जोडली.

त्याने व्हिडिओ कॉल लावला. आईला फोन लावता येत नाही, उचलता येतो. पडद्यावर तिचं अर्धं कपाळ आणि मागची भिंत दिसली. दादाने मोबाईल फिरवून स्टेटस बारसमोर धरला, आणि मी बटण दाबलं.

"दिसतंय का गं?"

"हिरवं हिरवं दिसतंय. ते काय हाय?"

"शोधतंय. समद्या जिल्ह्यातनं शोधतंय."

"मंग बोलू नका," आई म्हणाली. "शोधू द्या त्याला."

दादाचा हात अजिबात हलत नव्हता. शिक्षण झालं, देवक झालं, पत्रिका लागली. आई मध्येच आप्पांना हाक मारून म्हणाली, या इकडं, बगा. आप्पांच्या खोकल्याचा आवाज जवळ आला. पट्टी त्र्याऐंशीवर येऊन थांबली.

"थांबलं का रं?" आईने विचारलं.

"न्हाई. हितं बारीक बघत असतंय."

एक, दोन, तीन, मी मोजत होते. थांबवता आली असती. बटण माझ्या बोटाखाली होतं. सात झाले आणि पट्टी पुढे सरकली.

"आता किती झालं?"

"नव्वद," दादा म्हणाला.

"मंग थोडंच ऱ्हायलं की," आई म्हणाली.